नऊ सेकंदांचा थांबा

मंगळवार, ११ मार्च २०२५. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. प्रश्नपत्रिकांची गाडी पंधरा मिनिटांपूर्वी गेली. पावतीवर सही घेतली, मशीनच्या खोलीतले कागदाचे तुकडे झाडून काढले, हात धुतले आणि आत्ताच खुर्चीवर बसलो आहे.

प्रिय ताई,

सगळं ठीक आहे, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण माझं पत्र आलं की आईला काहीतरी झालं असंच तू आधी धरतेस. आई बरी आहे. तिचा गुडघा कुरकुरतो आणि ती गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरते, म्हणजे नेहमीसारखंच. मीही बरा आहे. फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोनवर मी मुद्द्यावर येईपर्यंत तू जेवलास का म्हणून विषय बदलतेस, आणि खरं सांगायचं तर तो बदलला की मलाही सुटल्यासारखं वाटतं. म्हणून हे टाइप करून आपल्याच मशीनवर ब्रेलमध्ये छापतो आहे. तुझ्या घरमालकीणबाई भल्या आहेत, पण त्यांच्याकडून पत्र वाचून घेतलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला पाठ होतं, हे तूच सांगितलं होतंस. हे तुझं तू वाच, सावकाश. ठिपके बोटाला नीट लागतात का तेही बघ, कारण गेले चार दिवस माझा जीव त्याच ठिपक्यांना टांगलेला होता.

झालं असं, की फेब्रुवारीच्या शेवटी छापखान्यात परीक्षा मंडळाचं पत्र आलं. या वर्षीपासून प्रश्नपत्रिका कुलूपबंद फाइलमधून येणार, आणि ते कुलूप उघडणारा प्रोग्राम आपल्या कॉम्प्युटरच्या जुन्या लिनक्सवर चालणार नाही. तेव्हा आधी लिनक्स अपडेट करा, मग छपाई करा. चौतीस अंध मुलं, गणिताचा पेपर, प्रत्येकी एकोणीस पानं, म्हणजे सहाशे सेहेचाळीस. मंगळवारी सकाळी सातला गाडी येणार, बुधवारी परीक्षा. साहेबांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, मागच्या वर्षी प्रिंटर तूच दुरुस्त केलास ना, मग हेही करशील. मी प्रिंटर दुरुस्त केला नव्हता, त्याची सुटलेली वायर लावली होती. पण त्या वेळी मी कौतुक ऐकून घेतलं होतं, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार. तू अजून इथे असतीस तर हे काम तुझ्याकडे गेलं असतं आणि मी शेजारी बसून कागद मोजत बसलो असतो.

शुक्रवारी सकाळी दहाला अपडेट सुरू केलं. पाऊण तास नुसती अक्षरं धावत होती. मग थांबून पडद्यावर एक प्रश्न आला. अर्थ असा, की ही कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे मशीनच्या सेटिंगची फाइल, इथल्या कुणीतरी हाताने बदललेली आहे, आणि आता पॅकेजबरोबर तिची नवी प्रत आली आहे. तुमची जुनी ठेवू, की नवी घेऊ, की दोन्हींतला फरक दाखवू? मी वहीत प्रश्न उतरवून घेतला, तारीख आणि वेळ टाकली, आणि विचार केला. तुझीच शिस्त आठवली. सुधारलेली प्रत आली, की जुन्या प्रतीचा कोपरा फाडायचा आणि ती टोपलीत टाकायची. फाटका कोपरा बोटाला लागला की ते पान मेलेलं समजायचं. जुनं आणि नवं कधी मिसळायचं नाही. भूगोलाच्या पुस्तकात दोन पानं मिसळली होती आणि एकच नदी दोन समुद्रांना मिळाली होती, तेव्हा तू मला तीन दिवस हे ऐकवलं होतंस. म्हणून मी लिहिलं, नवी घ्या. असे अकरा प्रश्न आले. अकराही वेळा मी तेच उत्तर दिलं आणि अकराही वेळा वहीत बरोबरची खूण केली. काहीच न निवडता नुसतं एंटर दाबलं तर जुनीच फाइल राहील, असंही तिथे लिहिलं होतं. ती सोय मला आळशी माणसांसाठी ठेवलेली वाटली.

शनिवारी सकाळी पहिलं पान लावलं, तर मशीनने ते हातातून ओढूनच घेतलं. आपलं मशीन कसं, एक पान झालं की म्हाताऱ्यासारखं जरा दम खायचं, मग पुढचं मागायचं. आता दम नाही, काही नाही. एक, दोन, तीन, की दे पुढचं. मला वाटलं, अपडेटने मशीन तरणं झालं. हात कुठे चुकला नाही, आणि पंधरा पानं मी एका दमात काढली. ती तपासनीस काकांपुढे नेऊन ठेवली. काकांनी पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं, परत फिरवलं, मग दुसऱ्या हाताचं फिरवलं. म्हणाले, धाकट्या, कोरे कागद आणलेस का रे? मी म्हटलं, काका, नीट बघा, मला चांगले ठिपके दिसतायत. काका म्हणाले, तुला दिसतायत ना, मग परीक्षेला तूच बस.

ठिपके अगदी उथळ उठत होते, पाण्यावरच्या रेघेसारखे. ओळी लांब होऊन शिलाईच्या जागेत घुसल्या होत्या, म्हणजे पुस्तिका शिवली की प्रत्येक ओळीचं शेपूट दोऱ्याखाली जाणार. पानाचा क्रमांक वरून खाली उतरला होता. बाकी सगळं चालवून घेता येईल, पण गणितात एक ठिपका दबला की चाराचे तीन होतात, हे तूच मला पहिल्या आठवड्यात माझं बोट धरून दाखवलं होतंस. चौतीस मुलं वर्षभर अभ्यास करून येणार आणि माझ्या एका होकारामुळे भलतंच गणित सोडवून जाणार. मी साहेबांना सांगितलं नाही. संगणकवाल्यांना बोलावलं, तेच, ज्यांना तू डॉक्टर म्हणायचीस कारण ते नाडी बघितल्यासारखा माउस धरतात. ते उभ्यानेच दहा मिनिटं बघून म्हणाले, इथल्या माणसाने केलेल्या सेटिंग तू स्वतः हो म्हणून घालवल्यास, आता मशीनच्या कंपनीतून माणूस बोलवा, बुधवारपर्यंत येईल. बुधवारी परीक्षा आहे, असं मी म्हटलं. ते म्हणाले, मग गुरुवारी आला तरी काय फरक पडतो. आणि फेरीचे पैसे घेऊन गेले.

त्या दिवशी घरी मला जेवण नकोसं झालं. आईने विचारलं तर पोट बिघडलंय म्हटलं, आणि तिने मला दोन वेळा मऊ भात खायला लावला, तो वेगळाच ताप. रविवारी छापखाना बंद असतो, पण किल्ली माझ्याकडे असते. सकाळी आठला जाऊन बसलो. ठरवलं होतं, की साहेबांना कबुलीचं पत्र लिहायचं, आणि त्यात अकराही फाइलींची नावं बिनचूक घालायची. निदान चूक तरी नीट लिहिलेली असावी. नावं उतरवायला म्हणून तो फोल्डर उघडला, तर पहिलंच नाव दोनदा दिसलं. एक साधं, आणि एक शेवटी जुनी अशा अर्थाची शेपटी लावलेलं. दुसरंही तसंच. तिसरंही. मी शेपट्या मोजल्या, अकरा भरल्या. वहीशी ताडून परत मोजल्या, अकरा. ताई, नवी घे म्हटल्यावर त्याने जुनी फेकली नव्हती, शेजारी नीट ठेवून दिली होती. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बसलो. 

मग घाईने सगळ्या जुन्या फाइली परत जागेवर ठेवल्या, तर मशीन चालूच होईना. छपाईच्या फाइलच्या एकेचाळिसाव्या ओळीतला शब्द ओळखीचा नाही म्हणालं. नव्या प्रोग्रामने काही शब्द बदलले होते. म्हणजे जुनी जशीच्या तशी चालत नाही आणि नवी जशीच्या तशी उपयोगाची नाही. फाइल नवी ठेवायची आणि तू हाताने बदललेल्या ओळी एकेक करून तिच्यात आणायच्या, हाच रस्ता उरला. तेव्हा कुठे मला तो तिसरा पर्याय कळला, फरक दाखवणारा. तो दोन प्रती एकाखाली एक लावून दाखवतो, गेलेल्या ओळीपुढे वजा आणि आलेल्या ओळीपुढे अधिक. आपण हेच तर करायचो. मी छापील प्रत मोठ्याने वाचायचो, तुझं बोट ब्रेलवरून चालायचं, आणि बोट थांबलं की मी थांबायचो. मी काकांना फोन केला. सुट्टीच्या दिवशी बोलावल्याबद्दल त्यांनी आधी मला यथेच्छ शिव्या दिल्या आणि अर्ध्या तासात आले. मी पडद्यावरच्या ओळी वाचत गेलो, बदल करत गेलो, प्रत्येक बदलानंतर एक पान काढलं आणि काकांनी ते बोटाने तपासलं.

तुझ्या ओळींच्या वर तू टिपा लिहून ठेवल्या आहेस, हे मला माहीतच नव्हतं. पुढे खूण असलेली ओळ मशीन वाचत नाही, माणसासाठी असते, हे काकांनी सांगितलं. प्रत्येक टिपेवर तारीख आहे. एक अशी: कागदवाला बदलला. जोर पाचवर ठिपका बसतो, सहावर उभा राहतो, सातवर कागद फाटतो. सहा ठेवला. दुसरी: ओळीत बत्तीसच अक्षरं, शिलाईला जागा लागते, चाळीस करणाऱ्याने स्वतः शिवून दाखवावं. आणखी एक: क्रमांक वर उजवीकडेच, मुलं पान उलटताना बोट तिथे ठेवतात. एका ठिकाणी लिहिलंयस, ही ओळ कशासाठी आहे मला माहीत नाही, काढली की मशीन रुसतं, काढू नये. आणि एका ठिकाणी, साहेबांनी सांगितलं म्हणून बदललं, त्यांचं लक्ष हटल्यावर परत होतं तसं केलं. हे वाचल्यावर काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, बाई गेली पण बोलायची थांबली नाही. जोर सहावर नेला आणि पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोट ठेवलं आणि पुढचं पान मागायला हात पुढे केला. मला तेवढं पुरलं.

शेवटून दुसरी टीप मी वाचायला सुरुवात केली आणि मध्येच गप्प झालो. काका म्हणाले, बोट थांबलं का रे? मी म्हटलं, नाही, पुढे जाऊ. ती मी नंतर एकट्याने वाचली. तुझेच शब्द लिहितो. दोन पानांमधला थांबा नऊ सेकंद. आधी तीन होता. धाकटा घाबरतो. बोट दारात सापडलं म्हणतो. दाराला रोलरचे दात नसतात. कुणी विचारलं तर मशीन जुनं झालंय म्हणायचं.

ताई, ते बोट दारात सापडलं नव्हतं. कामाला लागून तिसराच आठवडा होता. पान सरकवताना डाव्या हाताचं बोट रोलरखाली गेलं आणि नख निघालं. कळलं तर काढून टाकतील, म्हणून मी ते फडक्यात गुंडाळलं आणि सगळ्यांना दाराचं सांगितलं. आठवीत शाळा सुटलेल्या मुलाला दुसरं कोण ठेवणार होतं? मला वाटलं, तुला फसवणं सोपं आहे, तुला दिसत नाही. पण रस्ता ओलांडताना तू माझा डावाच हात धरायचीस. मी सहा वर्षं त्या मशीनला म्हातारं समजत होतो. साहेब दर महिन्याला म्हणायचे, दुसऱ्या छापखान्यात याच मशीनवर ताशी दोनशे चाळीस पानं निघतात आणि आपल्याकडे एकशे सत्तर, आणि तू शांतपणे म्हणायचीस, मशीन जुनं आहे साहेब. मग त्यांनी कंपनीचा माणूस आणला. त्याने मशीन ठणठणीत आहे, चालवण्यात दोष आहे असं लिहून दिलं. मी तेव्हा दारात उभा होतो. तू तेव्हाही काही बोलली नाहीस, आणि महिनाअखेरीला तुझी काठी आणि डबा घेऊन निघून गेलीस. मला वाटलं, तू कंटाळली होतीस. आईलाही तू तेच सांगितलंस.

सोमवारी छपाई केली. थांबा मी तीनच ठेवला. शनिवारची पंधरा पानं मी त्याच वेगाने लावली होती आणि मला कळलंही नव्हतं, म्हणजे हाताला आता येतं. टीप पुसली नाही. तिच्याखाली माझी एक ओळ घातली, तारीख टाकून: थांबा परत तीन, धाकट्याला आता लागत नाही. नऊला सुरुवात केली, पावणेबाराला सहाशे सेहेचाळीस पानं तयार होती. काकांनी प्रत्येक संचातलं गणिताचं प्रत्येक पान तपासलं, म्हणजे चौतीस वेळा तीच गणितं. शेवटी म्हणाले, आता मीही पास होईन.

चार वाजता मी साहेबांकडे गेलो. तुझी टीप छापून नेली होती, वहीही नेली होती. अकरा होकार, शनिवारची वाया गेलेली पानं, बोट, सगळं सांगितलं. साहेबांनी टीप दोनदा वाचली. म्हणाले, तिने मला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, साहेब, तुम्ही मला काढलं असतं. ते म्हणाले, छे, असं कसं. मग चष्मा काढून पुसत बसले आणि म्हणाले, काढलं असतं. त्यानंतर उठून मशीनपाशी आले, घड्याळ लावलं आणि मला चाळीस पानं लावायला सांगितली. दहा मिनिटांना दोन सेकंद कमी. परत जाताना म्हणाले, तुझी ताई अवघड होती, पण काम सोन्यासारखं होतं. मी म्हटलं, साहेब, हेच कागदावर द्या, अवघड सोडून.

हे पत्र मी त्यासाठी लिहितो आहे. वाचनालयाच्या ब्रेल विभागात प्रमुखाची जागा निघाली आहे आणि गुरुवारी वीस तारखेला तुझी मुलाखत आहे, हे मला आईने सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊक आहे. तू जाणार नाहीस असंही ती म्हणाली, कारण ते आधीच्या जागेचा दाखला मागतात आणि तुझ्या दाखल्यावर कामाचा वेग असमाधानकारक असं लिहिलेलं आहे. सोबतच्या पाकिटात साहेबांच्या सहीशिक्क्याचा नवा दाखला आहे. त्यात तो शेरा नाही. मशीनचा वेग कमी ठेवण्याचं कारण कामगाराची सुरक्षितता हे होतं आणि छपाईत एकही चूक नव्हती, असं आहे. तो साध्या छपाईत आहे, म्हणून साहेबांना विचारून मी त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ब्रेलमध्ये नवा असा शब्द टोचला आहे, म्हणजे तो दुसऱ्या कागदांत जाणार नाही. मजकूर मी चार वेळा तपासला आहे, काकांनाही वाचून दाखवला आहे. मी सगळं सांगून टाकलं म्हणून तू माझ्यावर रागावशील. रागव. पण गुरुवारी जा.

तुझाच,
धाकटा

ता. क. हिशेब, तू विचारायच्या आत.
खर्च: संगणकवाल्यांची फेरी ६००. वाया गेलेले कागद, शनिवार-रविवारचे मिळून, १४२, निम्मे साहेबांनी माफ केले, निम्म्यांचे माझ्याकडून २८४. काकांचं रविवारचं जाण्यायेण्याचं भाडं १८०, घेत नव्हते, खिशात कोंबले. हे पाकीट रजिस्टर टपालाने ६५. एकूण १,१२९.
माझ्याकडून देणं: आईचे ५००, पगार झाला की.
छापखान्याकडून तुला येणं: कमी वेगाबद्दल तुझ्या शेवटच्या पगारातून कापलेले १,४००. साहेबांनी मान्य केले आहेत. एक तारखेला तुझ्या खात्यात जमा होतील, मी पावती बघूनच उठेन.